घरी विचारून सांगतो

प्रत्येक घरात दारामागे एक पिशवी लटकत असते, तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या. एक ओढली की चार बाहेर येतात. आमच्या किश्श्यांचं अगदी तसं झालंय. मी एक सांगायला घेते, तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "अगं, ते मिस्साचं पण सांग ना!" म्हणून म्हटलं, आज पिशवीच उलटी करू.

आधी ओळख. आम्ही तिघं स्टँडअप कॉमेडी करतो. मराठीत. वसई-विरारमध्ये. हसू नका, हा जोक नाहीये! मी वैशाली, राहायला विरारला, दिवसा इन्शुरन्सच्या ऑफिसात. हेमू जूचंद्रचा, शाळेत ड्रॉइंग शिकवतो आणि रांगोळी अशी काढतो की लोक पाय टाकायला घाबरतात. आणि सायमन गासचा. घरची केळी, घरचा भाजीपाला, वय पंचेचाळीस, आणि आमच्या तिघांत खरा विनोदी माणूस एवढा एकच.

दर रविवारी सकाळी दहाला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून आम्ही नवे जोक एकमेकांवर ट्राय करतो. नियम दोन. एक, मित्र आहे म्हणून हसायचं नाही. दोन, घरच्या माणसावर जोक असेल तर तो आधी त्या माणसाला ऐकवायचा. तो 'हो' म्हणाला तरच स्टेजवर.

हा दुसरा नियम सायमनमुळे आला. पूर्वी तो पिऊन स्टेजवर जायचा. दोन पेग पोटात आणि जोक बायकोवर. स्टेलाचं वजन, स्टेलाचं घोरणं, बेडरूममधली स्टेला. लोक हॉल डोक्यावर घ्यायचे. एकदा स्टेला स्वतः पहिल्या रांगेत होती. ती मधूनच उठून गेली, ती त्यानंतर सात वर्षं नवऱ्याच्या एकाही शोला आली नाही. त्या दिवशी आम्हीसुद्धा हसलो होतो, हे सांगायलाच हवं. मी तर जास्तच. आठवलं की आजही लाज वाटते.

सव्वा वर्षापूर्वी सायमनने दारू सोडली, आणि त्याच दिवसापासून स्टेजही सोडलं. रविवारी यायचा, आमचे जोक दुरुस्त करून द्यायचा, स्वतः काही बोलायचा नाही. एकदा खोदून विचारलं तर म्हणाला, "लोक मला हसायचे की दारूला, तेच मला माहीत नाही गं. आणि माहीत करून घ्यायची भीती वाटते."

* * *

दुसऱ्या नियमाचा पहिला बळी मी.

लग्न झालं तेव्हा आम्ही वन-रूम-किचनमध्ये राहायचो. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. मध्ये एक पडदा. त्यावर मी झकास सात मिनिटं लिहिली. दोन वर्षं आम्ही कशी हूं की चूं न करता काढली आणि बाहेर कुणाला पत्तासुद्धा लागला नाही, असा सगळा मामला. आता नियम म्हणजे नियम. आई, म्हणजे सासूबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले, डोळे मिटले आणि सगळं धाडधाड बोलून टाकलं.

आईंनी शेवटची काडी बाजूला टाकली. "जोक बरा आहे, पण खोटा आहे."

"म्हणजे?"

"रविवारी दुपारी तुमचा पंखा पाचवर गेला की मी ह्यांना म्हणायचे, चला, तळ्याला दोन चकरा मारून येऊ."

मी गार. "दर रविवारी?"

"थंडीतसुद्धा पाचवर! अगं, थंडीतसुद्धा!"

तेवढ्यात बाबा पेपरच्या मागून म्हणाले, "माझी शुगर त्या दोन वर्षांत जेवढी कंट्रोलमध्ये होती, तेवढी पुढे कधी राहिली नाही."

मी उठून आईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "हे सांग लोकांना. ते पहिलं नको."

* * *

हेमूचं तेव्हा नवीन लग्न झालेलं. त्याने जोक लिहिला की लग्नाच्या दगदगीने दोघं एवढे दमले, की पहिल्या रात्री दोघंही घोरत पडले. बायकोला ऐकवला. ती म्हणाली, "चालेल. पण 'दोघंही' काढ. मी जागी होते."

पुढे गावच्या मंडळाने त्याला बोलावलं. संध्याकाळचा कार्यक्रम, समोर सगळं जूचंद्र. हेमू रंगात आला, पहिल्या रात्रीपर्यंत पोचला, आणि त्याला पहिल्या रांगेत आत्या, दोन काकवा आणि शेजारची म्हातारी दिसली. झालं! गडी तिथल्या तिथे थांबला आणि शाळेच्या डब्यावर बोलायला लागला.

म्हातारी बसल्या जागेवरून ओरडली, "आरं हेमू, ती गोस्ट अर्धी कशाला सोरली? लाजतंस? आमची पोरं काय पान्यातून आली?"

त्या दिवसातला सगळ्यात मोठा लाफ्टर तिला मिळाला. हेमू म्हणतो, आयुष्यात एवढ्या प्रेमाने माझा शो कुणी पळवला नाही.

* * *

करिअरबद्दल पण सांगते. एका सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. सेक्रेटरी गेटवरच भेटले, खांद्यावर हात ठेवू की नको अशा अवस्थेत. म्हणाले, "मॅडम, नवरा-बायको, बेडरूम, काय हवं ते बोला. आम्ही मॉडर्न आहोत. फक्त टँकरचा विषय नको."

म्हटलं, बरं बाई. स्टेजवर गेले, घसा सुकलेला, माइकवर म्हणाले, "नमस्कार मंडळी, जरा पाणी मिळेल का?"

सगळ्यांच्या नजरा सेक्रेटरींकडे. मग मागून एक गृहस्थ उठले. "ए विंगला विचारा! सगळं पाणी तिकडेच जातं!"

पुढची चाळीस मिनिटं मी खुर्चीवर बसून होते. ए विंग, बी विंग, व्हॉल्व्ह कोण फिरवतं, सगळं निघालं. शेवटी सेक्रेटरींनी मला नारळ दिला आणि म्हणाले, "मॅडम, इतके लोक शेवटपर्यंत बसलेत असं पहिल्यांदाच झालं."

* * *

आता ते मिस्साचं.

गासमध्ये लग्न म्हटलं की पहिलं कुणी ग्लास पुढे करतं आणि मग तब्येत विचारतं. दारू सोडल्यावर सायमन पहिल्यांदा एका लग्नाला गेला. मामाने ग्लास पुढे केला. 'सोडली' म्हणायचा धीर होईना. सोडली म्हटलं की लोक हसतात आणि तुम्ही किती दिवस टिकता यावर आपसात बोलतात. त्याने सांगून टाकलं, "अँटिबायोटिक चालू आहे."

पुढच्या लग्नात तेच. नाताळला तेच. बारशाला तेच. आठ महिने झाले, सायमनचं अँटिबायोटिक काही संपेना! गावात कुजबुज सुरू झाली. शेजारच्या बाया स्टेलाचा हात धरून डोळे पुसायला लागल्या. एक काकू रोज पेज पाठवायला लागल्या.

आणि एका रविवारी चर्चमध्ये मिस्साला आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालू असताना फादरनी नाव घेतलं, "आपला बंधू सायमन." सायमन चौथ्या बाकावर बसलेला, धडधाकट, सकाळीच केळीचे चार घड उतरवून आलेला!

मिस्सा संपल्यावर तो धावत फादरकडे गेला. सगळं कबूल केलं, नाव काढा म्हणाला. फादरनी ऐकून घेतलं. म्हणाले, "नाव राहू दे. कशासाठी ते देवाला कळतं. पेज मात्र बंद करायला सांगतो."

हे सांगताना सायमन गच्चीवर रडला. आम्ही पण. मग हेमू म्हणाला, "पेज तरी कशाला बंद केली?"

* * *

त्या रडण्यानंतरच सायमनने जाहीर केलं, "एक शो करतो. दारू न पिता. लोक हसले तर ठीक. नाही हसले तर स्टेज कायमचं बंद."

दोन दिवसांनी मला स्टेलाचा फोन. सात वर्षांत पहिला. म्हणाली, "वैशाली, हा पडला तर बाटलीकडे जाईल. आणि हसले तर त्या आनंदात बाटलीकडे जाईल. मी देवाजवळ नेमकं मागू काय?"

मी म्हटलं, "तू ये." ती म्हणाली, "मी नाही येणार." आणि फोन ठेवला.

शो कळंबला होता, समुद्राजवळच्या एका कॉटेजच्या अंगणात, संध्याकाळी पाचला. सुरूच्या झाडांखाली साठ-सत्तर माणसं. काहींच्या टेबलांवर बिअर, कारण सुट्टीवर आलेली माणसं ती. हेमूने शो सुरू केला, मग मी, मग सायमन. इस्त्रीचा शर्ट. हातात माइक.

"मी सायमन. पूर्वी मी पिऊन स्टेजवर यायचो. आज पहिल्यांदा शुद्धीत आलोय. पूर्वी मला वाटायचं, पब्लिक दुप्पट असतं!"

हसले! खरंच हसले. मी हेमूचा दंड इतका दाबला की तो ओरडला.

पण पुढचा जोक पडला. त्यापुढचा पडला. तिसऱ्याला कुणीतरी मोबाइल काढला. सायमन थांबला, आणि त्याची नजर पहिल्या टेबलावरच्या ग्लासावर गेली आणि तिथेच राहिली. मला ते बघवेना. मी मागे वळले, तर गेटजवळ स्टेला उभी. हातात हेल्मेट. केव्हा आली देव जाणे. तिलाही तो ग्लास दिसत होता.

सायमनने मान वर केली. "दारू सोडल्यावर," तो म्हणाला, "बायकोजवळ मी पहिल्यांदा गेलो ना, तेव्हा..." आणि त्याला ती दिसली.

"थांबा. आमच्यात एक नियम आहे. हा जोक मी घरी विचारलेला नाही."

लोकांना वाटलं, हा जोकचाच भाग आहे. हसले. तो हसला नाही. "स्टेला," तो म्हणाला, "सांगू का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. स्टेला म्हणाली, "नको."

सायमनने मान हलवली.

"तू नको सांगू. तुला तेव्हा काही सुचत नव्हतं. मी सांगते." आणि ती तिथूनच, हेल्मेट छातीशी धरून, सांगायला लागली. घरी दोघं त्यांच्या बोलीत बोलतात, पण त्या दिवशी ती सगळ्यांना कळेल अशा मराठीत बोलली.

"संध्याकाळचे सात वाजलेले. मुलगी क्लासला. लग्नाला अठरा वर्षं झालेली, आणि हा माणूस नव्या नवऱ्यासारखा लाजतोय. मला विचारतो, लाइट घालवू का? मी म्हटलं, राहू दे. अठरा वर्षं मी एकटीच बघत होते. आज तू पण बघ."

लोक टेबलं बडवून हसले. पुढच्या टेबलावरच्या एक आजी हसल्या नाहीत, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सायमन तसाच उभा होता, तिच्याकडे बघत. हशा थांबला तरी बघतच होता.

"स्टेला," तो म्हणाला, "तू फार सुंदर दिसतेस गं."

"अरे, माइक चालू आहे!"

"असू दे," सायमन म्हणाला.