इतवारी ते रामटेक, तीन सिलिंडरवर

रामटेकला जायचं ठरलं ते एका पैजेपायी. माझा नवरा प्रशांत नोकरीसाठी रायपूरला असतो. महिन्यातून दोनदा घरी येतो आणि आला की आमच्या बारा वर्षांच्या लाल हॅचबॅककडे बघून सुस्कारा टाकतो. या दिवाळीत त्यानं सुस्काऱ्यावर न थांबता थेट गिऱ्हाईक शोधलं. सोमवारी माणूस गाडी बघायला येणार असं सांगून तो रायपूरला परत गेला. मी फोनवर म्हटलं, गाडीत खोट नाही, थोडं काम आहे, ते मी स्वतः करते. तो हसला. त्या हसण्याचा मला राग आला आणि रागाच्या भरात मी अट घालून बसले.

अट अशी. काम मी करायचं. रविवारी सासूबाईंना शेजारी बसवून रामटेकला जाऊन यायचं. मेकॅनिकला फोन करायचा नाही. जमलं तर गाडी राहील, नाही तर सोमवारी जाईल. तुम्ही म्हणाल, जुनी गाडी, जाईना का. पण ही गाडी आहे म्हणून मी शाळेत वेळेवर पोचते, मनात आलं की काटोलला माहेरी जाऊन येते, कोणाची परवानगी काढत नाही. गाडी गेली की "मी आलो की जाऊ" हे वाक्य घरात मुक्कामाला येणार होतं, आणि मला ते नको होतं.

शनिवारी दुपारी कामाला लागले. आमचं घर इतवारीत, भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत, त्यामुळे गाडी उभी असते ओळखीच्या एका गोदामाच्या आवारात. व्हिडिओ बघून तीन कामं केली: एअर फिल्टर बदलला, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी स्प्रेनं साफ केली आणि चार जुने स्पार्क प्लग काढून नवे बसवले. तीन तास लागले, दोन नखं तुटली. गाडी चालू केली तर स्टेअरिंग जरा थरथरत होतं. मी स्वतःची समजूत घातली की नवीन प्लग आहेत, सरावतील. प्लग काही सून नव्हे सरावायला, पण तेव्हा मला घरी जाऊन आंघोळ करायची होती.

रविवार, सकाळी साडेसहा

इतवारीतून निघणार असाल तर सातच्या आत निघा. नंतर हातगाड्या आणि टेम्पो रस्त्यात असे काही उभे राहतात की पायीसुद्धा निघता येत नाही. सासूबाई पुऱ्या, आलूची भाजी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक सतरंजी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. वय बहात्तर, कान तल्लख. कामठी रोडला तर्री पोहे खाल्ले. तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, वेगळी मागून घ्या, नाहीतर सकाळी सकाळी डोळ्यांतून पाणी.

रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. कामठी, कन्हान, मनसर आणि मनसरला उजवीकडे वळायचं. रस्ता छान आहे, टोल लागतो, फास्टॅग भरलेला ठेवा. गाडी चांगली असेल तर सव्वा तासात पोचाल. आमची पन्नासच्या वर गेली की हिसके द्यायला लागली.

"गाडी थरथर काहून करून राहिली वं?" सासूबाईंनी विचारलं.

"रस्ता खराब आहे, आई."

रस्ता काँक्रीटचा होता, नवाकोरा. त्यांनी एकदा खिडकीतून खाली बघितलं आणि एकदा माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हे लक्षात ठेवा: तो दिवा नुसता पेटला तर घरी जाऊन बघितलं तरी चालतं. लुकलुकला तर वेग कमी करा आणि जमेल तिथे थांबा. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये, असा त्याचा अर्थ.

कन्हान

पूल ओलांडून एका चहाच्या टपरीपाशी थांबले आणि बोनट उघडलं. उघड्या बोनटपाशी बाई उभी असली की आपल्याकडे पाच मिनिटांत वैद्यकीय मंडळ जमतं.

"ताई, पेट्रोलमंदी पाणी असन," चहावाले म्हणाले.

"मॅडम, क्लच गया इसका," एक ट्रक ड्रायव्हर गाडीला हातही न लावता म्हणाला.

सायकलवरचे एक काका फक्त ब्रेक लावून म्हणाले, "जुनी झाली नं, विकून टाका." आणि निघून गेले. प्रशांतनं पाठवले होते की काय, अशी मला शंका आली.

मी मात्र व्हिडिओतली एकच गोष्ट धरून बसले होते: काल चालणारी गाडी आज बिघडली, तर काल ज्याला हात लावला तिथेच आधी बघायचं. पेट्रोल मी काढलं नव्हतं, क्लचला शिवले नव्हते. फिल्टरपासून निघणारा जाड पाइप चाचपून बघितला तर त्याची पट्टी सैल. काल स्क्रू आवळायचा राहून गेला होता. आवळला. गाडी चालू केली, उभ्या उभ्या आवाज बराच सुधारला. मी विजयी मुद्रेनं दोन चहा घेतले.

मनसरपर्यंत विजय टिकला. दोन्ही बाजूंनी धानाची शेतं, काही कापलेली, काही पिवळी उभी, पेंढ्यांचा ओलसर वास. सासूबाई खूश होत्या. त्यांचं माहेर धानाच्याच गावचं, त्यामुळे कोणाचं धान पडलं, कोणाचं उभं आहे, याचा आढावा चालू होता. सपाट रस्त्याला गाडी बरी चालत होती, ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा तेच हिसके. म्हणजे आजार अर्धाच बरा झाला होता.

गडाचा चढ

रामटेकचं मंदिर डोंगरावर आहे आणि वरपर्यंत गाडी जाते. पायऱ्यांनीही जाता येतं, पण सासूबाईंचे गुडघे पायऱ्यांच्या बाजूनं नाहीत. पहिलं वळण आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये घेतलं. पुढे पहिला टाकला. तिसऱ्या वळणाआधी गाडी इतकी हादरली की मागच्या सीटवरची पुऱ्यांची पिशवी खाली आली, आणि इंजिन बंद. हँडब्रेक ओढला, हळूच मागे घेत एका सपाट जागेवर झाडाखाली लावली. समोर कठड्यावर तीन वानरं बसून बघत होती.

खरं सांगते, मी खचले. पर्समधून मोबाइल काढला, मेकॅनिकचा नंबर समोर आणला. गाडी हातची जाणार याचं वाईट तर वाटत होतंच, त्याहून प्रशांतचं ते हसणं पुन्हा ऐकावं लागेल याचं जास्त वाटत होतं.

"कोणाले लावून राहिली?" सासूबाई.

"मेकॅनिकला."

"तुले जेवढं येते तेवढं झालं काय करून?"

नव्हतं झालं. मोबाइल ठेवला.

कोणतं सिलिंडर काम करत नाही हे शोधायची एक सोपी रीत आहे. चार सिलिंडर, प्रत्येकावर एक प्लग आणि प्लगवर ठिणगी देणारी कॉइल. इंजिन बंद करायचं, एका कॉइलचं कनेक्शन काढायचं, इंजिन चालू करून ऐकायचं. काढल्यावर आवाज आणखी बिघडला, तर ते सिलिंडर बिचारं काम करत होतं. काही फरकच पडला नाही, तर चोर तोच. पहिलं काढलं, गाडी जास्तच थरथरली. बंद केली, परत जोडलं. दुसरं काढलं.

"काही फरक नाही," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. मी अजून ऐकतच होते.

तिसरं, चौथं काढून खात्री केली. दुसराच. मग दुसऱ्यावरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरची दुसऱ्यावर लावली. तरी दुसरंच बंद. म्हणजे कॉइल निर्दोष, आणि संशय माझ्या नव्या प्लगवर. पण गरम इंजिनातून प्लग काढू नका, आटे खराब होतात. तासभर थांबावं लागतं. सतरंजी अंथरली, पुऱ्या खाल्ल्या, पिशवी वानरांपासून सांभाळली. खालून येताना घेतलेले उकडलेले शिंगाडे सोलत सासूबाई त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या रामटेकच्या फेरीबद्दल सांगत होत्या. बसनं आल्या होत्या, माझ्या सासऱ्यांच्या मागे चार पावलं चालत, आणि डोक्यावरचा पदर सांभाळता सांभाळता खालचा तलाव बघायचाच राहून गेला. "वर गेलो अन् खाली आलो," त्या म्हणाल्या.

तासाभरानं दुसरा प्लग बाहेर काढला. वरच्या पांढऱ्या चिनीमातीवर लालसर पिवळा ओघळ होता आणि त्याच्या मधून खाली लोखंडापर्यंत पेन्सिलीनं ओढावी तशी काळी रेघ. ठिणगी खाली आत पडायच्या ऐवजी या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होती. इंजिनावर जोर आला की जास्तच. पण ओघळ कसला?

सासूबाईंनी प्लग हातात घेतला, चष्मा वर केला आणि ओघळावर बोट घासून बघितलं.

"हे तं कुंकू आहे," त्या म्हणाल्या. "मीच लावलं. तू ह्याचा डबा टेबलावर ठेवून शाळेत गेली, मी देवापुढं ठेवला. नवी वस्तू घरात आली तं लावा लागते नं. एकालेच लावलं, वरच्याले. चारीले कशाले लावायचं म्हटलं."

मला राग आला. चांगलाच आला. आठवडाभराची धाकधूक, दोन नखं, वानरांसमोरची शोभा, आणि कारण काय तर ओलं हळद-कुंकू. तोंड उघडलं आणि आठवलं की काल बसवताना मला ती खूण दिसली होती. कंपनीचा रंग असेल समजून मी प्लग तसाच आत फिरवला होता. तेही सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "कंपनी कुंकू लावते काय वं?" आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की वानरं कठडा सोडून गेली.

जुने प्लग मी फेकले नव्हते, डिकीत होते. त्यातला बरा बघून बसवला, कॉइलचं रबर कोरड्या फडक्यानं आतून पुसलं. तुम्ही स्वतः काम करणार असाल तर काढलेले जुने भाग पहिली लांबची फेरी होईपर्यंत टाकू नका, एवढा सल्ला या सगळ्यातून देते. किल्ली फिरवली. चारही सिलिंडर चालू. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत गेली.

वर

वर गाडी लावायला जागा आहे, रविवारी दहानंतर मिळणं कठीण. हातात प्रसाद उघडा धरू नका, वानरं तुमच्याआधी खातात. दर्शन झाल्यावर मागच्या तटावर नक्की जा. खाली तलाव, घाट, पलीकडे शेतांचे तुकडे लांबपर्यंत. सासूबाई तटाला हात टेकून अर्धा तास उभ्या होत्या. मी चला म्हटलं नाही. खाली बाजारात रामटेकची विड्याची कपुरी पानं घेतली, मऊ असतात, तिखट नसतात. दोघींचा दिवसाचा खर्च पेट्रोल आणि टोल धरून हजाराच्या आत.

परतीला गाडी ऐंशीवर गेली तरी कुरकुर नाही. कन्हानच्या पुलावर सासूबाईंनी विचारलं, "प्रशांतले सांगशीन काय, मी काय केलं ते?"

"कशाला? मस्त गेली एवढंच सांगते."

त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

घरी

चारला पोचलो. चपला काढतो न काढतो तोच प्रशांतचा फोन. स्पीकरवर टाकला.

"काय मग, गाडी आली, की टेम्पोवर टाकून आणली?"

"मस्त गेली. काही त्रास नाही."

"इकडं दे वं," म्हणून सासूबाईंनी फोन माझ्या हातून घेतला. "बंद पडली होती गा. गडाच्या चढावर."

तिकडून तोच हसण्याचा आवाज. "बघ, मी म्हटलंच होतं. विकू..."

"ऐक पहिले. गाडी बिघडली नाही, मी बंद पाडली. तिनं आणलेल्या नव्या सामानाले कुंकू लावून ठेवलं. हिनं रस्त्यावर बसून काढलं शोधून, एक एक करून. मी शेजारीच होतो. तू असता तं फोन लावला असता. त्या माणसाले उद्या येऊ नोको म्हण. काहून म्हटलं तं सांग, चूक माझ्या आईची होती, गाडीची नाही."

प्रशांत म्हणाला, "बरं." सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेल्या.

या फेरीतून काय उरलं म्हणाल, तर प्लग काढता येतात हे कळलं, आणि रामटेक छानच आहे, अर्धा दिवस काढून जाऊन या. पण मला आठवत राहणार ते आमच्या बैठकीतलं ते मिनिट. लग्नाला चौदा वर्षं झाली. सासूबाईंना स्वतःची चूक कबूल करताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि ती त्यांनी मुलासमोर कबूल केली, माझ्यासाठी. मी हातातला फोन तसाच धरून थोडी रडले.

सोमवारी गाडी बघायला कोणी आलं नाही. मी ती घेऊन शाळेत गेले.