सत्तावीस डोळे आणि माझा एक माऊस

बसा, चहा टाकलाय. तो उकळेस्तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. फजिती हा शब्द तसा लहानच पडतो. एका सकाळी, तासाभरात, मी सत्तावीस माणसांना दिसेनासं करून ठेवलं होतं! तेही कुठे? मोतीबिंदूच्या शिबिरात! दचकू नका. सगळ्यांना परत दिसायला लागलं, म्हणून तर तुमच्यासमोर हसत बसलोय. नाहीतर आज तोंड लपवून कुठल्या तरी जंगलात राहिलो असतो, आणि आपल्याकडे जंगलाला काय तोटा!

तेव्हा मी चंद्रपूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. फ्लॉपीचा जमाना. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, मी फ्लॉपी ठेवायचो, अर्धी बाहेर दिसेल अशी. वय तेवीस. अक्कल त्या मानाने बरीच मागे.

मूल गावाच्या पुढे एका खेड्यात एक धर्मादाय दवाखाना होता. नाव सांगत नाही, कारण त्यांची काडीचीही चूक नव्हती. धान कापून झालं की तिथे दर वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर भरायचं. नागपूरहून डॉक्टर यायचे. पहिल्या दिवशी तपासणी, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. त्या वर्षी दवाखान्याला कोणीतरी कॉम्प्युटर भेट दिला आणि शिबिराच्या नोंदींचा प्रोग्राम करायला मला बोलावलं.

शिबिराचा सगळा कारभार वासनिक सिस्टरच्या हातात. वीस वर्षांपासून. त्यांची पद्धत एकदम साधी. डॉक्टरांनी डोळा सांगितला, की त्या डोळ्याच्या वर, कपाळाला, चिकटपट्टीचा एक तुकडा. संपलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बघायची आणि त्या डोळ्याच्या तयारीला लागायचं.

मला हे बघवेना. मी म्हणालो, "सिस्टर, एकविसावं शतक लागलं. माणसाच्या कपाळावर पट्टी? ते काय पार्सल आहे?"

"पार्सल बरोबर घरी पोचते ना, सर," सिस्टर म्हणाल्या. मला सर म्हणायच्या, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला खुर्ची सोडून उभं राहावंसं वाटे.

आता माझी कारागिरी ऐका. मी दोन दिवस खपून पडद्यावर एक चेहरा काढला. गोल चेहरा, कान, झुपकेदार मिशी, आणि दोन टपोरे डोळे. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या डोळ्यावर माऊस नेऊन क्लिक करायचं. डोळा लाल होणार. यादीत आपोआप 'उजवा' किंवा 'डावा' छापून येणार. पडद्यावर मात्र एक अक्षर नाही! वाचायची भानगडच ठेवली नव्हती.

दवाखान्याच्या अध्यक्षांसमोर मी छाती पुढे काढून बोललो, "साहेब, यात माणूस चुकूच शकत नाही." अगदी याच शब्दांत.

आणि हो, तपासूनही पाहिलं होतं बरं का! घरी पडद्यासमोर बसलो, स्वतःच्या उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं, आणि बोटाच्या अगदी समोर जो डोळा आला त्यावर क्लिक केलं. छापून आलं 'उजवा'. मग डावा. छापून आलं 'डावा'. शंभर टक्के बरोबर! तुम्हाला कळली का चूक? नाही ना? मग मलाच का नावं ठेवता?

अध्यक्ष खूश. त्यांनी हुकूम सोडला, "आजपासून कपाळावरच्या पट्ट्या बंद!" सिस्टरनी पट्टीचं रीळ शांतपणे खिशात टाकलं. वासनिक सिस्टर गप्प बसल्या म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला तेव्हा कोण सांगणार?

तपासणीच्या दिवशी पहिला नंबर सोमाभाऊंचा. सोमाभाऊ म्हणजे तलावाकाठचे ढीवर, मासे धरायची जाळी विणणारे, वय पासष्टच्या घरात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. आणि हा माणूस आधीच्या दोन शिबिरांतून पळून गेलेला! एकदा फाटकातूनच, आणि दुसऱ्यांदा दवाखान्याचे हिरवे कपडे घालून, थेट गावापर्यंत. या खेपेला सिस्टर स्वतः त्यांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आल्या होत्या.

"गाठी तं हातानं लागते बाई," सोमाभाऊ सांगत होते, "पण भोकं लहान-मोठे होऊन राह्यले. माझ्या जाळ्यात मासोळ्या पाहुण्यावानी येते अन् चालल्या जाते."

सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "सर, हा माणूस आता पळाला तं चौथ्यांदा येणार नाई. डोळा कायमचा जाईन. बाकी तुमचं काही करा, पण याले बिचकवू नोका."

"बिनधास्त राहा," मी म्हणालो. देवा रे.

कॉम्प्युटरवर शोभा बसली होती, दवाखान्यात कार्ड लिहिणारी मुलगी. समोर स्टुलावर पेशंट. डॉक्टर डोळा दाखवायचे, शोभा क्लिक करायची. सत्तावीस पेशंट, सत्तावीस क्लिक. संध्याकाळी प्रिंटरने करकरत यादी छापली. मी ती भिंतीला चिकटवली आणि दोन पावलं मागे जाऊन तिच्याकडे बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पेशंट व्हरांड्यात सतरंजीवर ओळीने बसले. ऑपरेशनच्या आधी डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात. त्या थेंबांनी काही तास सगळं अंधुक होतं आणि उजेड सहन होत नाही. सिस्टर आत ऑपरेशनच्या खोलीत तयारी करत होत्या. बाहेर कंपाउंडर यादी वाचून थेंब टाकत गेला. कपाळावर पट्टी नव्हतीच, मग तो तरी कुठे बघणार? मी बशीत चहा ओतून फुर्रकन ओढत होतो.

तेवढ्यात सोमाभाऊंचा आवाज आला, "अजी, सकाळ झाली होती ना?"

"झाली ना जी. दहा वाजले," कंपाउंडर म्हणाला.

"मंग मले दिसून काऊन नाई राह्यलं? सारं पांढरं-पांढरं झालं! हा डोळा तं चांगला होता ना माझा!"

त्यांच्या बाजूची एक बाई म्हणाली, "माझा बी चांगलाच गेला वो!" मग तिसरा. मग चौथा. बघता बघता अख्खा व्हरांडा उठला. एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि ज्याने दिसायचं त्यात थेंब! एक आजी खांबाला म्हणत होत्या, "सरका ना भाऊ, जाऊ द्या मले." खांब काही सरकेना, तशा आजी त्याच्यावर चिडल्या.

मी धावलो. यादी सोबत घेऊन धावलो, हे विशेष.

"सोमाभाऊ, घाबरू नका. तुमचा उजवाच डोळा खराब आहे. हे बघा, इथे लिहिलंय."

"पाहू कशानं? फोडला ना तुमी!" सोमाभाऊ कडाडले. "अन् बाबू, हा डोळा माझ्याजवळ पासष्ट वर्षांपासून हाये. तुझ्या कागदाजवळ कालपासून!"

माणसाने इथे तरी थांबावं की नाही? मी नाही थांबलो. मला वाटलं, या लोकांनाच डावं-उजवं कळत नाही. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, स्वतःचा उजवा हात वर केला आणि ओरडलो, "माझ्यासारखा उजवा हात वर करा!" अर्ध्यांनी उजवा केला. अर्ध्यांना समोर माझा अंधुक हात ज्या बाजूला दिसला, त्या बाजूचा त्यांनी वर केला, म्हणजे डावा. खांबाशी भांडणाऱ्या आजींनी दोन्ही केले.

"बघा!" मी कंपाउंडरला म्हणालो, "यांचंच चुकतंय!"

"माझी काठी कुठी हाये?" सोमाभाऊ उठले. "मी चाललो घरी. होतं तेवढंबी दिसणं गेलं माझं." त्यांचा आवाज चिरकला होता, आणि तो ऐकून पहिल्यांदा मी हातातली यादी खाली केली. त्यांच्यामागे बाकीचेही निघाले. पळायला निघाले खरे, पण फाटक कुणालाच सापडेना! सगळे एकमेकांचे खांदे धरून दवाखान्याच्या विहिरीभोवती फिरत होते. बरं, विहिरीला कठडा होता. नाहीतर या किश्शाचं मी काय केलं असतं?

आरडाओरडा ऐकून सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी सरळ सोमाभाऊंचा हात धरला आणि त्यांच्या डाव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटावर चिकटपट्टीचा तुकडा! मग बाजूच्या बाईंच्या बांगड्या मागे सारल्या. उजव्या मनगटाला तुकडा! सत्तावीसच्या सत्तावीस जणांच्या हाताला, ज्या बाजूचा डोळा त्या बाजूच्या मनगटाला, आदल्या दिवशीच पट्टी लावलेली.

"सिस्टर, पट्टी तर बंद केली होती ना?" मी कसाबसा म्हणालो.

"अध्यक्षसाहेबांनी कपाळावर नोको म्हटलं होतं. हाताचं कोण बोललं?"

यादीशी ताडून पाहिलं. सगळी उलटी! चुकून एखादी तरी बरोबर यावी? तीही नाही.

सिस्टरनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्या मिशीवाल्या चेहऱ्याकडे बोट केलं. "हा माणूस तुह्याकडे पाहून राह्यला ना?" 'सर' गेलं होतं, सरळ 'तुह्या'वर आल्या होत्या. "मंग याचा उजवा डोळा कोणत्या बाजूले?"

मी बघितलं. मी त्या चेहऱ्याकडे आरशात बघावं तसं पाहिलं होतं. शोभाने समोर बसलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. समोरच्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. पोरीने प्रत्येक क्लिक बरोबर केलं होतं. आणि 'चुकूच शकत नाही' म्हणणारा एकटा मी चुकलो होतो, सत्तावीस वेळा.

मी डॉक्टरांकडे पळालो. "साहेब, त्या लोकांचे डोळे..." त्यांनी बाहेर येऊन दोन-चार जणांचे डोळे बॅटरीने पाहिले.

"अरे, थेंबच आहेत. संध्याकाळपर्यंत, फार तर सकाळपर्यंत उतरतील," ते म्हणाले. "आणि मी हत्यार लावायच्या आधी डोळ्यात बघतो, तुमच्या कागदात नाही."

मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. लाज कशाची? इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पण सोमाभाऊ अजून काठी चाचपतच होते. मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो. "भाऊ, तुमचंच बरोबर होतं. थेंब चुकीच्या डोळ्यात पडले, उतरतील. चूक माझी."

"कागदाची नाई?"

"नाही. माझी."

सोमाभाऊ बराच वेळ माझ्या दिशेने, म्हणजे माझ्या थोडं डावीकडे, बघत राहिले. मग म्हणाले, "थांबतो. पण तू माझ्या बाजूले बस. माझा डोळा उघडेस्तोवर हलायचं नाई. काही बिघडलं तं हाताशी कोणी पायजे."

मी बसलो. सिस्टरनी सगळ्यांच्या मनगटावरच्या पट्ट्या काढून पुन्हा कपाळावर लावल्या. शेवटी एक तुकडा उरला. तो त्यांनी माझ्या कपाळावर, उजव्या बाजूला, थाप मारून चिकटवला. "हा तुहा उजवा. विसरू नोको." तो काढायची माझी काय बिशाद! मग बरोबर डोळ्यात थेंब पडले, आणि दुपारपासून ओळीने ऑपरेशनं झाली. आत जाईपर्यंत सोमाभाऊंनी माझं मनगट असं धरलं होतं की बोटांचे वळ उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर सोमाभाऊंच्या डोळ्यावरचा बोळा काढायला बसल्या. मी शेजारी, हाताशी. मी असा ताठ बसलो होतो, जणू ऑपरेशन माझंच झालंय.

"हळू उघडा जी. काय दिसते?"

सोमाभाऊंनी डोळा किलकिला केला. आधी सिस्टरकडे पाहिलं. "बाई, तुमी तं पिकल्या वो," म्हणाले. मग सतरंजी हातात घेऊन तिचे धागे पाहिले, एक-एक, जाळ्याची भोकं पाहावी तसे. आणि हसले. मीही हसलो, नाक पुसत.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावरची पट्टी त्यांना दिसली.

"तुझं बी ऑपरेशन हाये का, बाबू? कोणत्या डोळ्याचं?"

मी 'उजव्या' म्हणायला तोंड उघडलं. पण तुम्हाला खरं सांगतो, शब्द बाहेर पडायच्या आधी माझा हात आपोआप कपाळाकडे गेला, पट्टी नेमकी कुठल्या बाजूला आहे ते चाचपायला.

सोमाभाऊंनी ते नव्या डोळ्याने स्वच्छ पाहिलं, आणि सिस्टरकडे वळून म्हणाले, "बाई, याचे दोन्ही करून टाका."