दहा मिलिमीटरचा कट्टा

या जगातली प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे वाकडी आहे, यावर आमच्या घरमालकांइतकी श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हैसूरला बदली झाल्यावर कुवेंपुनगरात आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो, तेव्हा भाड्याचं बोलणं होण्याआधीच त्यांनी आमचं कपाट दारातून आत जाईल का हे मोजलं, आणि कपाटाचे डावे-उजवे कोपरे सारखे नाहीत असं मला हळू आवाजात, एखादं दुखणं सांगावं तसं सांगितलं. मीही कामं लिहून काढून एकेक खोडत जाणारी बाई. व्यवस्थितपणाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये असं मला वाटायचं. या घरमालक काकांना भेटल्यावर मी स्वतःला गबाळ्यांत धरू लागले.

मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात काकांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे, जमलं तर सोडायचे, नाहीतर पिवळ्या खडूने फुली मारायची. ती फुली पुसण्याचा अधिकार फक्त वरच्या साहेबाला. 'डेव्हिएशनमध्ये पास', म्हणजे माप चुकलंय पण चालेल, असं म्हणून तो सही करायचा, आणि ती सही काकांच्या मनाला फार लागायची. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक घड्याळ घेऊन घरी येतात. काका व्हर्नियर, म्हणजे केसाएवढा फरक मोजणारं माप, आणि खडू घेऊन आले. दोन्ही कायम शर्टाच्या खिशात. दारावर नारळवाला आला की नापास नारळांवर फुली. हॉटेलात डोसा आला की आधी त्याची जाडी मध्यभागी आणि कडेला. एकदा माझ्या हातच्या पुरणपोळीला त्यांनी "चव फस्ट क्लास" म्हटलं आणि लगेच, "पण गोल नाही, अल्वा?" असंही विचारलं. पोळी गोल नव्हती हे खरंच होतं.

काकांचं घराणं म्हैसूरच्या जुन्या लष्करातलं. मराठी पिढ्यान् पिढ्या घरात टिकलेली, पण इथल्या पाण्यावर वाढलेली. अर्धं वाक्य आपलं आणि अर्धं कानडी: 'हो ना'ला अल्वा, 'बघा'ला नोडी, 'उगाच'ला सुम्ने. काकूंचंही तसंच. काकू मात्र तपासणीच्या बरोबर उलट. त्यांना सगळं चालायचं, सगळे चालायचे. दुपारची कामं आवरली की त्या उंबऱ्यावर येऊन बसत. फुलवाली, शाळेतून येणाऱ्या मुली, बँकेतून सुटलेले शेजारी, सगळ्यांची बातमी तिथे थांबून पुढे जाई. मग त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी खाली बसायला कायमची बंदी केली. उंबरा संपला. नंजनगूडला बहिणीकडे विश्रांतीला जाण्याआधी त्यांनी काकांकडे एकच गोष्ट मागितली: फाटकाच्या आत, रस्ता दिसेल असा, बसण्यापुरता कट्टा. मी बाहेर खुर्ची टाकायचं सुचवलं. काकांनी खुर्ची अंगणात ठेवून पाहिली, ती एका पायावर डुलली, नापास झाली. आत टीव्हीसमोर बसा म्हटलं, तर काकू हसल्या. "आत खुर्चीत बसलं की मी पेशंट, नोडी. बाहेर बसलं की माणूस."

अडचण अशी की आमच्या भागातला कुठलाही गवंडी काकांच्या फाटकात पाऊल टाकायला तयार नव्हता. मागे एकाने न्हाणीघराची भिंत बांधायला घेतली होती. काकांनी त्याच्या चौथ्या थरावर सात फुल्या मारल्या. तुम्हाला भिंत पाहिजे की सर्टिफिकेट, असं त्याने कानडीत विचारलं, आणि थापी धुऊन तो गेला. ही गोष्ट सगळ्या गवंड्यांत पोचली. त्यामुळे काकांनी जाहीर केलं, "सुम्ने कशाला मेस्त्री? मीच बांधतो." आयुष्यात त्यांनी स्वतः काही बनवलं नव्हतं, फक्त तपासलं होतं. पण माझ्या मुलाने त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात पांढरा शर्ट घातलेला एक परदेशी गृहस्थ विटांवर पिवळ्या प्लास्टिकचा साचा ठेवतो, त्यात सिमेंटचा माल भरतो, वरून पट्टी फिरवतो आणि साचा उचलतो. खाली बरोबर दहा मिलिमीटरचा थर. त्यावर वीट. शर्टाला डाग नाही. काकांनी तो व्हिडिओ लोक कीर्तन ऐकतात तसा ऐकला आणि साचा मागवला.

साचा आला तेव्हा त्यांनी तो आधी मोजला. पास झाला. मग विटा आल्या आणि संकट उभं राहिलं. साचा परदेशी विटांच्या मापाचा होता, आणि आमच्याकडच्या भट्टीतल्या विटा भावंडांसारख्या, एका घरातल्या पण एकीसारखी दुसरी नाही. काकांनी व्हर्नियर लावून अख्खा ढीग तपासला. संध्याकाळी मी गॅलरीतून पाहिलं तर अंगणभर पिवळ्या फुल्या, आणि पास विटांचा ढीग एवढासा की त्यात तुळशीवृंदावनसुद्धा झालं नसतं. लॉरीवाला विटा परत न्यायला तयार होईना. शेवटी काकांनी मला खाली बोलावलं आणि अवघडून म्हणाले, "ताई, तुम्ही डेव्हिएशन देता का?" मी दिलं. पदर खोचून, अगदी अधिकाराने दिलं.

मग काम सुरू झालं. एका हाताने साचा, दुसऱ्या हाताने थापी, आणि तोंडात अधूनमधून "अय्यो". रोज संध्याकाळी नंजनगूडहून काकूंचा फोन यायचा. कट्टा झाला का, असं त्या विचारायच्या. इन्स्पेक्शन चालू आहे, असं उत्तर जायचं. सांधे मात्र असे सुंदर पडत होते की रस्त्यावरचे लोक थांबून बघत. प्रत्येक सांधा दहा मिलिमीटर. आणि तरीही प्रत्येक थरागणिक कट्टा फाटकाच्या बाजूला थोडा थोडा उतरत चालला. मला वरून कारण स्वच्छ दिसत होतं. विटा कमी-जास्त, त्यातल्या बारीक फाटकाकडे पडलेल्या; माल मात्र सगळीकडे सारखा. मग उंची जमणार कशी? गवंडी दोरी बांधतो आणि विटेचं उणंदुणं मालात सांभाळून घेतो. मी खाली जाऊन तसं सांगितलं. "दोरी बांधा काका. जाड विटेखाली माल कमी, बारीक विटेखाली जास्त."

काका माझ्याकडे बघत राहिले, जणू मी त्यांना खोटी सही करायला सांगितली होती. "कमी-जास्त? ताई, सांधा म्हणजे सांधा."

कट्टा त्यांनी पाडला, परत बांधला. पुन्हा सांधे एकसारखे, पुन्हा उतार. वरून सिमेंट लिंपून सरळ करा, म्हटलं; तर दोष झाकायचं काम आपण कधी केलं नाही, म्हणाले. तोवर काकूंच्या येण्याचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी काकांनी कट्ट्यावर पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा कारकुनाने सुट्टीच्या दिवशी ऑफिसकडे पाठ फिरवावी तसा एका टोकाला जाऊन बसला. फाटकाकडची बाजू दोन बोटं खाली. मग खिशातून खडू काढून स्वतःच्याच हातच्या कामावर, त्या खालच्या टोकाला, त्यांनी मोठी फुली मारली. उद्या सकाळी पाडतो म्हणाले. ती फुलीसुद्धा सरळ आली नाही.

सकाळी काका हातोडा शोधून बाहेर आले तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली. बहिणीने काकूंना ऊन चढायच्या आत आणून सोडलं होतं. वॉकर टेकत काकू आत आल्या, त्यांनी कट्टा पाहिला आणि सरळ तिकडे वळल्या. काका हातोडा घेऊन धावले.

"थांब, बसू नको. रिजेक्ट आहे तो."

काकू तोवर पाठमोऱ्या होऊन चाचपत खालच्या टोकावर बसल्या होत्या. पायांचे दोन्ही तळवे नीट जमिनीला टेकले. "मग मीही रिजेक्टच की," त्या म्हणाल्या. "बसू दे." आणि रस्त्यावरून जाणाऱ्या फुलवालीला त्यांनी हाक मारली.

त्या उठल्या तेव्हा फुली कट्ट्यावर नव्हती. त्यांच्या साडीला मागे पिवळा डाग होता. काकांनी तो पाहिला आणि हातोडा पाठीमागे धरला.

आता आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहतो. तिथल्या भिंती ओळंब्यात आहेत, जिने सारखे आहेत, आणि त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही. कामाच्या निमित्ताने कुवेंपुनगरात गेले की मी स्कूटर जरा हळू करते. संध्याकाळी काकू खालच्या टोकाला बसलेल्या असतात, पाय जमिनीवर, बोलणं चालू. वरच्या टोकाला काका, पाय किंचित अधांतरी. परवा मी पाहिलं, ते उठले, वाकून एक डोळा मिटला आणि कट्ट्याच्या कडेवरून लांबवर नजर टाकली. हात खिशाकडे गेला. मग काकूंकडे बघितलं, आणि ते परत जाऊन आपल्या जागेवर बसले.