सोळा आण्यांचे कान

जळक्या डिझेलचा वास आला की मला वारंगा फाट्यावरचे म्हातारे मिस्त्रीचाचा आठवतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी जाणकाराकडून घेतलेल्या नियमांवरून इंजिनाचा बिघाड ओळखणारी एक्स्पर्ट सिस्टिम कॉम्प्युटरवर करत होतो, आणि तिच्यातलं सगळं शहाणपण चाचांचंच होतं. ते इंजिनाला पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. सिलिंडरात मुंगी शिंकली तरी त्यांना कळतं, असं मी कॉलेजात शपथेवर सांगितलं होतं. "चाचा, खात्री किती?" असं रस्त्याच्या गोंगाटात तीनदा ओरडलं की उत्तर यायचं, "सोळा आणे!" मग मी कॉम्प्युटरात त्या नियमापुढे खात्रीचा आकडा म्हणून पूर्ण 'एक' भरायचो. असे दोनशे नियम झाले. प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशी चाचा असेच ऐकत असताना ट्रक आपोआप बंद पडला. यांचे डोळे मिटलेलेच. "बेरिंग गेलं. सोळा आणे!" "अहो चाचा, इंजिनच बंद हाय की!" ड्रायव्हर त्यांच्या कानाशी ओरडला आणि गाडी चालू करून शेजारच्या गॅरेजात घेऊन गेला. चाचा पेचकस पुसत म्हणाले, "दोन साल झाले बेटा, कान गेले. आठ आणे म्हणलं तर गिऱ्हाईक काहून थांबंल?" मी एकही आकडा बदलला नाही. परीक्षकांनी विचारलं, "एवढी खात्री?" मी म्हणालो, "सोळा आणे, सर." चाचांचं दुकान त्याच साली उठलं. ते दोनशे नियम ज्या फ्लॉपीत आहेत, ती आता कुठल्याच कॉम्प्युटरात उघडत नाही. तिच्यात मात्र त्यांचे कान अजून शाबूत आहेत.