सिनाचे दोन तास

सिनापातीच्या शुगरचा आकडा आमच्या गावात दर रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी जाहीर व्हायचा. जाहीर करायचा तिचा नवरा पेसामिनो, तोही रग्बीच्या निकालासारखा. "बायको तेरा, मी नऊ! याही आठवड्यात बायकोचीच सरशी!" चटयांवर बसलेले म्हातारे मांड्या थोपटून हसायचे. सिनाही हसायची आणि बोट पुसून खरकटी गोळा करायला लागायची.

मधुमेह दोघांनाही. दक्षिण समुद्रातल्या आमच्या सवाई बेटावर त्याचं कुणाला नवल नाही, घरोघरी मातीच्या चुली. दवाखान्यानं दोघांना गोळ्या आणि दोघांत मिळून एक मशीन दिलं होतं आणि आखीव वही मी दिली होती. मी शेजारीण, शिवाय शाळेतली मास्तरीण, म्हणून वहीतले रकानेही माझ्याच हातचे: जेवण किती वाजता, बोट किती वाजता टोचलं, आकडा किती. दहाच्या आत (दुसऱ्या मापात एकशेऐंशीच्या आत) आला की नर्स खूश. पेसामिनोच्या पानावर आठ, नऊ, साडेआठ. सिनाच्या पानावर तेरा, चौदा, पुन्हा तेरा.

"मी उमूतलं, तापल्या दगडांवर भाजलेलं, सगळं खातो," पेसामिनो मला ऐकवायचा. तो मताई, कुळाचा प्रमुख, म्हणजे बोलण्याचा त्याला परवानाच. "तारोचे कंद खातो, डुक्कर खातो, नारळाच्या दुधात शिजलेली पाल्याची पालुसामी तर बोटं चाटून खातो. तरी नऊ! आणि ही बघा, चिमणीएवढं खाते आणि तेरा. मागच्या चुलीपाशी लपूनछपून काहीतरी चरत असणार."

"हो, चरते ना," सिना म्हणायची. "तुझं डोकं खाते रोज. त्यात साखर नाही, नुसता भुसा आहे."

चारचौघांत ती त्याला अहोजाहो करी, पण अशा वेळी ते गळून पडायचं.

हसण्यावारी चाललं होतं ते नर्स इलिसापेता येईपर्यंत. ती याच गावची मुलगी, बोलायला फटकळ. वही चाळून म्हणाली, "मावशी, अजून एक महिना बघू. जेवणानंतर दोन तासांनी मोजायचं, न चुकता. आकडे असेच राहिले तर डॉक्टर इन्शुलिनची सुई सुरू करतील."

सिनानं मान डोलावली. पण मी तिला ओळखून आहे. तिच्या थोरल्या बहिणीला, लोसीला, सुई सुरू झाली आणि वर्षाच्या आत गुडघ्याखाली पाय कापावा लागला. सिनाचा हिशेब सरळ होता: सुई आली की पाय जातो. आणि पाय गेला तर या घरात वाढणार कोण?

मग तिनं खाण्यावरच कुऱ्हाड चालवली. आधी कोको गेला, मग नीरफणस, मग तारो. शेवटी ती माशाचं डोकं आणि दोन हिरवी उकडलेली केळी, एवढ्यावर आली. आकडा बारा. एका गुरुवारी सकाळी ती दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि हातातली चादर थरथरायला लागली. वारा नव्हता. मी धावत जाऊन तिला धरलं, तर अंग घामानं भिजलेलं. घरून पपई आणून तिच्या तोंडात कोंबली, तेव्हा ती भानावर आली.

"त्या बडबड्याला सांगू नकोस," ती म्हणाली.

"बरं."

"आणि नर्सला तर मुळीच नाही."

याला मात्र मी बरं म्हटलं नाही. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन सांगून टाकलं. चहाडी तर चहाडी.

इलिसापेता रविवारी चर्चनंतर आमच्याबरोबरच पेसामिनोच्या घरी जेवायला आली. पाहुणी म्हणून तिला पहिल्या पंगतीत बसवलं: पाळकसाहेब, चार मताई, ती आणि मी. बारा वाजून दहा मिनिटांनी प्रार्थना झाली आणि ताटं आली. सिना नेहमीसारखी पाळकसाहेबांच्या शेजारी हातात पंखा घेऊन बसली. माश्या हाकलायच्या, कुणाला काय हवं नको ते बघायचं, हात धुवायला पाण्याचं भांडं पुढे करायचं. पाळकसाहेब गोड माणूस, पण जेवताना त्यांना गोष्टी आठवतात. पेसामिनोला त्याहून जास्त आठवतात. पंगत उठली तेव्हा एक वाजून गेला होता. मग सिना मागे गेली, मुलीसुनांबरोबर उरलंसुरलं घेऊन बसली.

दोन वाजून दहा मिनिटांनी पेसामिनोनं मशीन काढलं. "चला, सामना सुरू!"

त्याचा आकडा आला, पावणेनऊ. सिनानं हात पुसत येऊन बोट पुढे केलं.

"मावशी, थांबा," इलिसापेता म्हणाली. "काय करताय?"

"दोन तास झाले की."

"कशाला?"

"जेवणाला. वहीत बघ ना, बारा दहा. प्रार्थना बारा दहाला झाली."

"प्रार्थना झाली. तुम्ही कधी जेवलात?"

सिनाला प्रश्नच कळला नसावा. ती म्हणाली, "अगं, जेवण तर सगळ्यांचं एकच असतं ना."

"पहिला घास तोंडात गेला की तिथून दोन तास मोजायचे. तुमचा पहिला घास एक वीसला गेला, मी घड्याळ लावून बसले होते. आत्ता कुठे पन्नास मिनिटं होतायत. आत्ता साखर चढलेलीच असणार. काकांचा आकडा दोन तासांचा आणि तुमचा तासाभराचा, आणि म्हणे सामना!"

पाळकसाहेब आपल्या पोटाकडे बघत बसले. मला तर तोंड लपवावंसं वाटलं. रकाने मी आखलेले, वीस वर्षं पहिल्या पंगतीत बसून जेवलेली मी, आणि ही बाई कधी जेवते हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"एरवी संध्याकाळी?" नर्सनं विचारलं.

"तेव्हाही तेच," सिना म्हणाली. "याच्याकडे कोण ना कोण आलेलं असतंच."

तीन वीसपर्यंत सगळे बसून राहिले. मग सिनानं बोट टोचलं. साडेआठ.

ती ओरडली नाही की हसली नाही. इथे बायकाही नेसतात तशा लुंगीचा मांडीवरचा काठ घट्ट धरून म्हणाली, "म्हणजे माझा पाय राहणार?"

"राहणार, जेवलात तर!" इलिसापेता म्हणाली. "पोट रिकामं आणि वरून गोळ्या, म्हणून गुरुवारी थरथरलात. गोळ्यांचं मी डॉक्टरांना विचारते, पण उद्यापासून थोडा तारो पानात हवाच. आणि लोसीमावशींचा पाय सुईनं नाही गेला. सुईला उशीर झाला होता, म्हणून गेला."

"गुरुवारी? काय झालं गुरुवारी?" पेसामिनो म्हणाला. सिनानं माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

पुढच्या रविवारी तो स्वतःच पाळकसाहेबांच्या शेजारी पंखा घेऊन बसला आणि बायकोला म्हणाला, "बस." ती नाही नाही म्हणत होती, तर पाळकसाहेबच सरकले आणि जागा करून दिली. पंखा मारावा तर पेसामिनोनंच. माश्या होत्या तिथेच राहिल्या, पाळकसाहेबांचा चष्मा मात्र दोनदा उडाला. सिनानं तारो खाल्ला, पालुसामीही खाल्ली, आणि नवऱ्याला मुद्दाम तीनदा पाणी आणायला उठवलं. एक वीसला त्याला मागच्या बाजूला डुकराचं कातडं आणि गार तारो मिळाला. भूक अशी लागली होती की त्यानं तेही चाटूनपुसून खाल्लं.

दोन दहाला मशीन निघालं. सिना आठ.

सवयीनं त्यानंही बोट पुढे केलं. तेरा.

गावभर निकाल ओरडून सांगणाऱ्या माणसाचा चेहरा त्या आकड्याकडे बघून पार उतरला. मशीन हलवून बघितलं, पुन्हा वाचलं. मग हळूच बायकोजवळ सरकून म्हणाला, "सिना, माझा पाय जाणार का गं?"

टोमणा मारायला याहून चांगली वेळ तिला जन्मात मिळाली नसती. मी तर कान टवकारूनच बसले होते. तिनं त्याच्या हातातून मशीन काढून घेतलं आणि त्याच्या बोटावरचं रक्त आपल्या लुंगीच्या काठानं पुसलं.

"नाही जात," ती म्हणाली. "तू आत्ता जेवलास रे. दोन तास होऊ देत. मी बसलेय इथे."