सासूबाईंचा अंगठा

सरकार लपूनछपून आपल्याच लोकांना फसवतं का, असं नात विचारत होती. मी म्हणलं, लपायचे कष्ट कशाला घेईल ते?

कानडी मुलखात मुडबीला आमचं रान आहे. त्यातून रस्ता काढायचा म्हणून मोजणी झाली, तेव्हा मी हरकत द्यायला तालुक्याच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "अक्का, आता हरकत कामून? गावसभेत तुम्हीच हो म्हणलाव. ह्यो बघा तुमचा अंगठा."

ती सभा कधी झाली, देवाला ठाऊक! कागद कानडीत होता, म्हातारीला काय कळतंय असं त्याला वाटलं असणार. मी शाळेत गेले न्हाई हे खरं, पण बसच्या पाट्या वाचून कानडी शिकले आणि सही कधीपासून करते. चष्मा लावून मी यादी मोठ्यानं वाचली. माझ्या नावाखाली सासूबाईंचं नाव, त्यापुढं त्यांचा अंगठा. त्यांना जाऊन बारा वर्षं झालीत.

"अण्णा, जिवंतपणी ह्या बाईनं माझ्या एका गोष्टीला हो म्हणलं न्हाई. आता वरून येऊन रस्त्याला हो म्हणायल्यात व्हय?"

बाकावरची माणसं हसली. कारकून कागद ओढायला लागला. मी त्यावर कोपर ठेवलं. "आधी नक्कल दे. न्हाईतर इथंच बसते."

चार वाजता नक्कल मिळाली. ती जोडून हरकत दिली, खाली मराठीत आणि कानडीत सही केली.

"एक सही पुरे होती, अक्का."

"असू दे की. तुमच्याकडं अंगठे लई झालेत."

रस्ता अजून आमच्या बांधापाशीच थांबलाय.