फितीखालून विज्ञान

बातमीदाराच्या आयुष्यात छापलेलं संपून जातं आणि संपादकानं कापलेलं साठत राहतं. झाशीच्या विज्ञान मेळ्याचं माझ्याकडे जे साठलंय, ते सगळं असंच कापलेलं. मित्र जमले की निघतं. आज तुमच्यासमोर काढतो.

मेळा भरायचा रेल्वे कॉलनीजवळच्या मैदानावर, फेब्रुवारीअखेर. तो भरवायचे कारखानीस सर. फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक, घर खंडेराव गेटपाशी. त्यांच्या मदतीला रेल्वेतल्या गार्डची बायको सुशीलाताई. मैदानभर पोरांचे प्रयोग, आजोबांसाठी दुर्बीण, बायकांसाठी भेसळ ओळखण्याचा स्टॉल. पण सरांचा जीव अडकला होता एका काठीत.

मैदानात काठी उभी करायची आणि भरदुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजायची. नकाशात नागपूर झाशीच्या जवळजवळ सरळ खाली. तिथे सरांचा एक जुना विद्यार्थी त्याच दिवशी तशीच सावली मोजायचा. दोन सावल्या आणि दोन गावांमधलं अंतर हाती आलं, की पृथ्वीचा घेर काढता येतो! नागपूरचा आकडा दरवर्षी यायचा. झाशीचा यायचा नाही. का, ते ऐका.

* * *

पहिल्या वर्षी प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, हार, शाल, श्रीफळ. मग ते म्हणाले, "मैं सिर्फ़ दो शब्द कहूँगा." ते दोन शब्द संपेनात! झाशीची खरी दुपार घड्याळात बारा वाजून गेल्यावर जवळजवळ अर्ध्या तासानं होते, तीही उलटून चालली. सर स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारी बसलेले. उठणं म्हणजे अपमान. बिचारे मान वाकडी करून काठीकडे बघत होते.

पाहुण्यांनी भाषण थांबवून विचारलं, "प्रोफ़ेसर साहब, नीचे क्या देख रहे हैं?"

सर म्हणाले, "जी, पृथ्वी जा रही है!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि भाषण पुढे सुरू केलं.

* * *

दुसऱ्या वर्षी ठरलं, आधी काठी, मग सत्कार. सकाळी सर मैदानावर आले आणि मटकन खाली बसले. काठीच्या बरोब्बर वर, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भलामोठा मंडप!

मंडप टेंटवाल्या बब्बनभैयाचा. मानिक चौकातला सज्जन माणूस, मेळ्याचं काम जीव ओतून करणारा.

"बब्बन, ये क्या किया?"

"सर, बच्चे धूप में खड़े होंगे? मुझे पाप लगेगा!"

"अरे भैया, मुझे पृथ्वी नापनी है!"

"तो आराम से छाया में नापिए ना!"

मंडप उतरवेपर्यंत सूर्य पुढे सरकला होता.

* * *

सूक्ष्मदर्शकाच्या स्टॉलवर सुशीलाताई बसायच्या. एकदा मऊरानीपूरचे एक धान्याचे व्यापारी आले. ताईंनी त्यांना गव्हातला सोंडकिडा भिंगाखाली दाखवला.

शेठजी दचकून मागे सरले. पुन्हा डोळा लावला, बराच वेळ बघितलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "बहनजी, ये हमारे यहाँ का नहीं है. हमारे यहाँ तो छोटे-छोटे होते हैं!"

* * *

मी दरवर्षी सरांच्या काठीवर लांबलचक बातमी लिहून द्यायचो. दरवर्षी छापून यायचा फोटो: फीत, कात्री आणि दात काढणारे पाहुणे. एका वर्षी मी डेस्कवर जाऊन टेबलावर हात आपटला. म्हटलं, "मेळा विज्ञानाचा आहे की कात्रीचा? काठीचा फोटो दिला होता, तो कुठे गेला?"

डेस्कवरचा पोरगा अजिबात हलला नाही. "भाई साहब, छाया का फ़ोटो कैसे छापें? काला आएगा!"

त्याचं नाव सांगत नाही. पुढे तो संपादक झाला.

* * *

मग आलं सरांचं शेवटचं वर्ष. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन चालला होता, सामान बांधून झालं होतं. या वेळी सावली हुकली, तर कायमची हुकली.

पाहुणे सकाळी अकराला येणार होते. फाटकात दोन बांबूंना लाल फीत. बाहेर बबिन्याच्या लष्करी छावणीतून आलेली फौजी कुटुंबं, शाळेच्या रांगा, काठ्या टेकत आलेले आजोबा. फितीच्या आत एका कडेला मंडप, मधे मोकळं मैदान आणि एकटी काठी.

बारा वाजून गेले. पाहुण्यांचा पत्ता नाही. एका संयोजकानं बजावलं, "उद्घाटन के पहले कोई अंदर नहीं जाएगा!" सरांचा चेहरा पाहवेना.

सुशीलाताई पुढे झाल्या. "फीत कापायची नाही, कबूल. पण खालून जायचं नाही असं कोण म्हणालं?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला, वाकल्या आणि पलीकडे गेल्या!

मग काय! पोरं सुळसुळत गेली. फौजी लोक शिस्तीत, एकेक करून वाकले. गुडघे दुखणाऱ्या एका आजींसाठी बब्बनभैयानं फीत दोन बोटांनी उचलून धरली. "चलो अम्मा, फीते के नीचे से निकल जाओ!"

सर उन्हात मांडी घालून बसले. सावली आखडत गेली, थांबली, पुन्हा वाढू लागली. पोरांनी खडूच्या रेघांवर रेघा मारल्या. सगळ्यांत आखूड रेघेला सरांनी टेप लावली. मग ते उठले आणि नागपूरला फोन लावला. "लिहून घे रे," म्हणाले आणि आकडा सांगितला.

* * *

पाहुणे आले संध्याकाळी. मेळा संपला होता, लोक घरी गेले होते. बब्बनभैयाचा मंडप ट्रकवर चढला होता. मोकळ्या मैदानाच्या तोंडाशी दोन बांबू आणि अखंड लाल फीत.

ताईंनी कात्रीचं ताट पुढे केलं. पाहुण्यांनी फीत कापली. आमच्या फोटोग्राफरनं फोटो काढला. ताई, बब्बनभैया आणि मी टाळ्या वाजवल्या.

पाहुणे रिकाम्या मैदानात फेरी मारून काठीपाशी थांबले. "ये लकीरें कैसी हैं?"

"दोपहर की छाया है," सर म्हणाले.

"पर उद्घाटन तो अभी हुआ! मेरे आने से पहले ही नाप ली?"

सरांनी हात जोडले. "क्या करते साहब, सूरज जी टाइम पे आ गए थे."